हिंगहमचं ओल्ड शिप मीटिंग हाऊस: १६८१ की १६८२?

केवडा
नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाची बॉस्टनच्या दक्षिणेला हिंगहमला सहल ठरली आहे आणि माहितीपत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलंय. तिथलं ओल्ड शिप मीटिंग हाऊस हे मुख्य आकर्षण. सतराव्या शतकातलं प्युरिटन (कडक आचाराचे इंग्रज प्रोटेस्टंट) लोकांचं मीटिंग हाऊस म्हणून अमेरिकेत आता एवढं एकच उभं आहे. रविवारची प्रार्थना आणि गावाची सभा दोन्ही एकाच छपराखाली व्हायचं. आत गेल्यावर वर बघितलं की छपराचे वाकडे ओकचे वासे दिसतात, उलट्या ठेवलेल्या जहाजाच्या तळासारखे, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात.

माझी अडचण वर्षाची आहे. बहुतेक ठिकाणी १६८१ लिहिलेलं असतं. सांगाडा उभा केला २६, २७ आणि २८ जुलै १६८१ ला. पहिली प्रार्थना झाली ८ जानेवारीला, पण तिथे कुठे १६८२ दिसतं तर कुठे १६८१-८२ असं मधे रेघ मारून जोडवर्ष. आमच्या ग्रुपमधल्या एकांनी त्यातलं पहिलं वर्ष धरून ८ जानेवारी १६८१ असं मसुद्यात टाकलं. आता जानेवारी १६८१ ला प्रार्थना आणि सांगाडा जुलै १६८१ ला, हे कसं जमायचं? आधी जुन्या इमारतीत प्रार्थना झाली आणि मग नवीन बांधली असं समजायचं का? मला पत्रकात नीट लिहायचंय, मुलं वाचणार आहेत. कोणी सांगेल का?

मोडीवाचक
केवडाताई, ते जोडवर्ष म्हणजे छपाईची गडबड नाही आणि दोन वर्षांत कार्यक्रम चालला असंही नाही. तेव्हा इंग्लंड आणि त्यांच्या सगळ्या वसाहतींत कायद्याने नवीन वर्ष १ जानेवारीला सुरू व्हायचंच नाही, ते २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे डिसेंबर १६८१ संपला की पुढचा जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस हे सगळं १६८१ मधेच मोजलं जायचं आणि मग २५ मार्चला १६८२ लागायचं. युरोपात बऱ्याच ठिकाणी १ जानेवारीपासून वर्ष धरत होते म्हणून घोटाळा नको या हेतूने लिहिणारे १६८१-८२ असं दोन्ही लिहायचे. १७५२ साली इंग्लंडने कॅलेंडर बदललं तेव्हा हे थांबलं.

आपल्याला हे समजायला अजिबात अवघड नाही कारण शकाचं तेच आहे. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. कोणी १५५१ मधे सरळ ७८ मिळवले तर १६२९ येतं. पण फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना, तोवर इंग्रजी वर्ष उलटलेलं असतं, म्हणून ७९ मिळवायचे आणि उत्तर १६३०. संभाजी महाराजांचा राज्याभिषेक माघ शुद्ध सप्तमी शके १६०२, तिथेही ७९ मिळवून १६८१. म्हणजे गंमत बघा, ज्या वर्षी रायगडावर संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला त्याच वर्षी तिकडे हिंगहममधे हा सांगाडा उभा राहत होता.

तर तुमची ८ जानेवारी म्हणजे त्यांच्या वहीतली १६८१ आणि आपल्या हिशोबाची १६८२. जुलै आधी आणि जानेवारी नंतर. क्रम बरोबर लागतो.

उंबरठा
मोडीवाचक, तुमचं म्हणणं समजलं पण मला एक शंका आहे. त्या जानेवारीला जुन्या पद्धतीचंच वर्ष लावलं होतं हे आपण धरून चाललोय ना? क्रम लागतो म्हणून १६८२ मानायचं आणि १६८२ मानलं म्हणून क्रम लागतो, हे गोल गोल फिरणं झालं. समजा सांगाड्याचीच नोंद चुकीची असेल तर? बाहेरचा काही पुरावा हवा.

तिथीवार
उंबरठा, प्रश्न एकदम योग्य आहे आणि याला बाहेरचा पुरावा आहे, तो म्हणजे वार. आठवड्याचा वार कुठल्याही कॅलेंडर बदलात तुटला नाही, त्यामुळे मागे मोजत जाता येतं.

प्युरिटन लोक प्रार्थनेला जमणार रविवारी. नवीन इमारतीतली पहिली सार्वजनिक प्रार्थना म्हणजे रविवारच हवा. आता बघा. इंग्रज तेव्हा ज्युलियन कॅलेंडर वापरत होते, ते आजच्या ग्रेगोरियनपेक्षा १० दिवस मागे होतं. म्हणजे त्यांची ८ जानेवारी ही आजच्या पद्धतीने १८ जानेवारी. १ जानेवारी १७०० ला आजच्या पद्धतीने शुक्रवार होता, तिथून १८ वर्षं मागे जायचं, त्यात १६८४, ८८, ९२ आणि ९६ ही चार लीप वर्षं. १८ अधिक ४ बावीस, साताने भागून बाकी एक, म्हणून १ जानेवारी १६८२ ला गुरुवार आणि १८ जानेवारी १६८२ ला रविवार. एक वर्ष मागे गेलो तर १८ जानेवारी १६८१ ला शनिवार येतो.

म्हणजे १६८१ धरलं तर शनिवार, १६८२ धरलं तर रविवार. सांगाड्याच्या तारखेला आपण हातही लावला नाही आणि तरी उत्तर १६८२ आलं. गोल फिरणं संपलं.

सांगाड्याचे तीन दिवसही मोजले, २६ जुलै १६८१ मंगळवार, मग बुधवार, गुरुवार. कामाचे वार, मधे कुठे रविवार नाही. याने काही सिद्ध होत नाही पण विरोधातही जात नाही.

पेठेतला
वा तिथीवार!! हे वाचून मी लगेच शनिवारवाड्याचं करून बघितलं. पायाभरणी १० जानेवारी १७३० आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२, या तारखा आपण सगळे लहानपणापासून ऐकतो, दोन्ही शनिवार होते आणि म्हणून शनिवारवाडा असंही ऐकतो. मोबाईलच्या कॅलेंडरमधे मागे जाऊन १० जानेवारी १७३० बघितलं तर मंगळवार दाखवतो! म्हणजे आमच्या पुस्तकातली तारीख चुकीची का काय?

तिथीवार
चुकीची नाही. मोबाईल बहुधा सरळ ग्रेगोरियननेच मागे जातो. शनिवारवाड्याच्या त्या तारखा ज्युलियन आहेत, १७०० नंतर फरक ११ दिवसांचा झाला, म्हणून १० जानेवारी म्हणजे आजची २१ जानेवारी १७३०, शनिवार. २२ जानेवारी १७३२ म्हणजे २ फेब्रुवारी १७३२, तोही शनिवार. दोन्ही बरोबर बसतात. आपल्या मराठेशाहीच्या बहुतेक प्रसिद्ध इंग्रजी तारखा ज्युलियन आहेत, १९ फेब्रुवारी १६३० पण. जेधे शकावलीत त्या दिवशी शुक्रवार दिलाय आणि ज्युलियन धरलं की शुक्रवारच येतो.

पेठेतला
हे फार भारी आहे. इतकी वर्षं शनिवार पेठेत राहून हा हिशोब कोणी सांगितला नव्हता. धन्यवाद.

साकव
मी मेरीलँडला असते. आमच्याकडे ईस्टन गावात थर्ड हेवन म्हणून क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं मीटिंग हाऊस आहे, लाकडी सांगाड्याचं, १६८२ ते १६८४ मधे बांधलेलं, अजून तिथे लोक प्रार्थनेला बसतात. त्यामुळे सगळ्यात जुनं कोणतं ही चर्चा निघाली की हिंगहम आणि ईस्टन ही दोन्ही नावं येतात आणि दोन-तीन वर्षांच्या फरकाला एकदम वजन येतं. कोणी म्हणेल वर्ष इकडचं तिकडे झालं तर काय बिघडलं, पण इथे बिघडतं.

क्वेकर नोंदींत आणखी एक खाचखळगा आहे. ती मंडळी महिन्यांची नावं लिहीत नसत कारण जानेवारी, मार्च वगैरे नावं रोमन देवांवरून आलेली. ते लिहिणार पहिला महिना, दुसरा महिना. आणि १७५२ च्या आधी पहिला महिना म्हणजे मार्च. त्यामुळे सभांच्या जुन्या नोंदींत आठवा महिना दिसला आणि कोणी ऑगस्ट केला तर गेलं, तो ऑक्टोबर असतो. प्युरिटनसुद्धा बऱ्याचदा असे आकडे वापरायचे, त्यामुळे हिंगहमच्या कागदात अकरावा महिना दिसला तर तो नोव्हेंबर नाही, जानेवारी.

रंधा
आमचं घराणं सावंतवाडीकडचं, सुतारकामाचं, मी इथे न्यू जर्सीत घरदुरुस्तीची कामं करतो, जुन्या लाकडी घरांचीही करतो. कागदाबद्दल वर चांगलं लिहिलंय, मी लाकडाबद्दल सांगतो.

तीन दिवसांत एवढी इमारत उभी राहिली हे वाचून काहींना खोटं वाटेल. ५५ फूट लांब, ४५ फूट रुंद, २० फुटांच्या वरचे खांब. पण तीन दिवस हे फक्त उभं करायचे. त्याआधी कित्येक महिने जमिनीवर काम चालतं. प्रत्येक खांबाला खाच, प्रत्येक तुळईला जीभ, जमिनीवरच जुळवून बघायची, मग प्रत्येक जोडावर पटाशीने रोमन आकडे कोरायचे, म्हणजे कोणती तुळई कोणत्या खांबाला हे उभारताना शोधावं लागत नाही. मग सगळं सुटं करायचं आणि उभारायच्या दिवशी गावातली सगळी धडधाकट माणसं बोलवायची, दोर आणि बांबूसारखे लांब टेकू घेऊन एकेक बाजू उचलायची आणि लाकडी खुंट्या ठोकायच्या. अशा जुन्या घराच्या माळ्यावर टॉर्च तिरका धरला की हे कोरलेले आकडे अजून दिसतात, मी कामावर असताना बोट फिरवून बघितलेत, कड अजून धारदार लागते.

म्हणून उभारणीची तारीख लोकांच्या लक्षात राहते आणि लिहिलीही जाते. अख्खं गाव तिथे असतं. पण दारं, खिडक्या, फळ्या, छपराचे तुकडे हे सगळं नंतर. जुलै ते जानेवारी सहा महिने त्यात गेले असणार.

उंबरठा
रंधा, छान माहिती. मग एक विचारतो, कागदच नसता तर नुसत्या लाकडावरून वर्ष निघालं असतं का? झाडाच्या रिंगा मोजून काढतात असं ऐकलंय.

रंधा
निघतं, पण कसं ते नीट समजून घ्यायला पाहिजे. झाड दरवर्षी एक रिंग धरतं. चांगल्या पावसाच्या वर्षी रुंद, कोरड्या वर्षी बारीक. एका भागातल्या सगळ्या ओकच्या झाडांत ही रुंद-बारीकची रांग सारखी येते. आजच्या जिवंत झाडांपासून सुरू करून जुन्या तुळयांच्या रिंगांशी जोडत जोडत मागे जाता येतं. मग तुमच्या इमारतीच्या तुळईत पोकळ ड्रिलने पेन्सिलीएवढा नमुना काढायचा आणि ती रांग कुठे बसते बघायचं.

आता कळीची गोष्ट. तुळईला कुठेतरी सालीलगतचा कडेचा भाग शिल्लक असेल तरच झाड कोणत्या वर्षी तोडलं ते कळतं, कधी कधी ऋतूही कळतो, म्हणजे शेवटची रिंग पूर्ण झाली असेल तर हिवाळ्यात तोडलं. सालीकडचा भाग तासून टाकला असेल तर फक्त इतकंच कळतं की अमुक वर्षाच्या नंतर कधीतरी तोडलं. आणि झाड तोडलं म्हणजे इमारत झाली असं नाही. पण ओक ओला असतानाच कापायला सोपा, वाळला की दगड होतो, त्यामुळे ते लोक वर्ष दोन वर्षांत लाकूड वापरून टाकायचे.

बॉस्टनच्या डॉर्चेस्टर भागात याचे चांगले दाखले आहेत. ब्लेक हाऊस १६५० च्या आसपासचं मानत होते, लाकडाने १६६१ सांगितलं. पिअर्स हाऊसही १६५० च्या सुमाराचं म्हणत, ते निघालं १६८३ चं. तीस वर्षांचा फरक! आणि दोन्ही वेळा घर सांगण्यापेक्षा नवीनच निघालं. माझ्या कामात मी हे कायम बघतो, घराण्यात सांगत आलेलं वर्ष बहुतेक वेळा त्या जमिनीवर पहिल्यांदा कोणी आलं त्याचं असतं, आज उभ्या असलेल्या घराचं नसतं.

मोडीवाचक
रंधा, शेवटचं वाक्य लाख मोलाचं. आपल्याकडेही देवळाचं वर्ष विचारलं की मूर्ती सापडल्याचं सांगतात, सभामंडप त्यानंतर शंभर वर्षांनी कोणीतरी बांधलेला असतो.

नीरा_काठ
आमच्या वाईकडच्या वाड्यांना हे करता येईल का? सागाला रिंगा असतात ना?

रंधा
सागाला असतात, आणि चांगल्या स्पष्ट असतात. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने सागाच्या रिंगांवरून जुन्या पावसाचा अभ्यास केलाय. पण वाड्यांत दोन अडचणी येतात. एक म्हणजे आपला सुतार सालीखालचा पांढरट भाग काढूनच टाकतो कारण वाळवी पहिली तिथे लागते, नुसता गाभा वापरतो. मग तोडल्याचं नेमकं वर्ष गेलं. दुसरं म्हणजे साग महाग, जळलेल्या पडलेल्या वाड्याचे खांब पुढच्या वाड्यात जातात. एखाद्या खांबाला मधेच विनाकारण खाच दिसली की समजायचं हा आधी दुसरीकडे होता. त्या खांबाचं वर्ष खरं असेल पण ते तुमच्या वाड्याचं नसेल. निदान पाच-सहा ठिकाणचे नमुने एकाच वर्षाला आले तर बोलता येतं.

उंबरठा
मला अजून एक मुद्दा मांडायचाय आणि केवडाताईंनी पत्रकात तो घ्यावा असं मनापासून वाटतं. ओल्ड शिपची आजची इमारत पूर्ण १६८१ ची नाही. १७३१ ला एका बाजूने वाढवली, १७५५ ला दुसऱ्या बाजूने. १८६९ ला व्हिक्टोरियन थाटात आतलं बदललं, जुने चौकोनी कठड्यांचे बाक काढले. मग १९३० ला जीर्णोद्धार करून चौकोनी बाक परत बसवले आणि छत काढून वरचे जुने वासे उघडे केले. म्हणजे आत शिरल्यावर जे बघून आपण भारावतो, ते वासे १६८१ चे आहेत पण ते आपल्याला दिसतायत ते १९३० मुळे. नुसतं १६८१ लिहिलं तर माणूस समोरच्या बाकालाही १६८१ चाच समजून हात लावणार.

साकव
हे पटलं. थर्ड हेवनलाही १७९७ ला वाढवलंय. म्हणून मग १६८४ खोटं ठरत नाही, मूळचा सांगाडा तोच आहे. पण कोणता भाग कधीचा हे सांगायला दोन ओळी जास्त लागतात तर लागू देत.

तिथीवार
शिवाय बांधलं म्हणजे नेमकं काय, हेही ठरवावं लागतं. ठराव झाला तो दिवस, सांगाडा उभा राहिला तो दिवस, का पहिल्यांदा वापरलं तो दिवस? हिंगहमला तर ठरावापासून उभारणीपर्यंतच मोठं रामायण झालं, जागेवरून गावात दोन तट पडले आणि प्रकरण वसाहतीच्या जनरल कोर्टापर्यंत, म्हणजे तिथल्या विधिमंडळापर्यंत, गेलं, शेवटी कॅप्टन जोशुआ होबार्ट यांनी दिलेल्या जागेवर बांधलं. खर्च गावाला ४३० पौंड आणि वर जुनी इमारत. शनिवारवाड्याला आपण पायाभरणी आणि वास्तुशांत दोन्ही तारखा सांगतो, तसंच इथे करावं. माझं मत विचाराल तर बांधकामाचं वर्ष म्हणून १६८१ च, कारण सांगाडा हीच लाकडी इमारत असते. १६८२ हे वापर सुरू झाल्याचं.

नीरा_काठ
तिथीवार, तुमच्या वाराच्या युक्तीबद्दल विचारायचं होतं. आमच्या गावच्या देवळाच्या सभामंडपावर शिलालेख आहे, त्यात शके, संवत्सराचं नाव, महिना, तिथी आणि वार एवढं वाचता येतं पण शकाचा शेवटचा आकडा झिजलाय, ३ की ८ कळत नाही. गावात दोन्ही बाजूंनी वाद घालतात. याला हेच लावता येईल?

तिथीवार
तुमचं काम हिंगहमपेक्षा सोपं आहे! संवत्सराचं नाव असेल तर वाराचीही गरज कमी. ६० संवत्सरांचं चक्र ठरलेलं असतं, ३ आणि ८ मधे पाच वर्षांचा फरक, त्यामुळे दोन्हींची नावं एक असूच शकत नाहीत. शकात १२ मिळवा, साठाने भागा, बाकी राहील तो प्रभवपासूनचा क्रमांक, बाकी शून्य आली तर साठावं म्हणजे क्षय. ताळा म्हणून शके १५५१ घ्या: १५६३ ला ६० ने भागलं की बाकी ३, तिसरं संवत्सर शुक्ल, आणि शकावलीत शुक्लच दिलंय. मग वार घेऊन खात्री करा. नाव आणि वार दोन्ही एकाच वर्षाला जुळले की विषय मिटला. आणि लेखाचा फोटो सकाळी किंवा संध्याकाळी उन्हाची तिरीप पडत असताना काढा, दुपारी झिजलेलं काही दिसत नाही. अक्षरांत पीठ किंवा खडू भरू नका, दगड खराब होतो.

एक लक्षात ठेवा, लेखात मंडप बांधला असं म्हटलंय का देऊळ, का नुसतं पायरी किंवा घंटा दिली असं म्हटलंय, ते क्रियापद नीट वाचा. आणि दगड मूळ जागीच आहे का दुसरीकडून आणून बसवलाय हेही बघा, आजूबाजूचा चुना वेगळा दिसतो.

नीरा_काठ
संवत्सर "विरोधी" आहे, एवढं नक्की वाचता येतं. शके १६७३ किंवा १६७८.

तिथीवार
१६७३ मधे १२ मिळवून १६८५, साठाने भागून बाकी ५, म्हणजे प्रजापती. १६७८ ला बाकी १०, म्हणजे धाता. विरोधी तेविसावं, दोन्हींत बसत नाही! बाकी २३ यायला शके १६९१ लागेल. म्हणजे वाद फक्त शेवटच्या आकड्याचा नाहीये, त्याच्या आधीचा ७ सुद्धा परत वाचायला हवा, झिजलेला ९ असू शकतो आणि शेवटचा १. किंवा संवत्सर "विरोधी" नसून "विरोधकृत" असेल, ते पंचेचाळिसावं, त्याला शके १६५३ किंवा १७१३ येतं. फोटो टाका, मोडीवाचकांना दाखवू.

मोडीवाचक
हो टाका. नवीन धागा काढा म्हणजे सापडायला सोपं जाईल.

केवडा
सगळ्यांचे खूप आभार, माझ्या एका ओळीच्या प्रश्नाला इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पत्रकात हे टाकतेय, कोणाला काही खटकलं तर आज सांगा, उद्या छपाईला जाणार:

"सांगाडा उभारला २६ ते २८ जुलै १६८१. पहिली प्रार्थना रविवार ८ जानेवारी १६८२, तेव्हाच्या इंग्रजी पद्धतीने हे वर्ष १६८१ च लिहिलं जाई. इमारत १७३१ आणि १७५५ मधे वाढवली. चौकोनी बाक १९३० च्या जीर्णोद्धारातले. वरचे ओकचे वासे मूळचे."

उंबरठा
बाकांबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. माझ्याकडून ओके.

रंधा
मूळचे वासे म्हणताना "मधल्या भागातले" एवढं घाला, वाढवलेल्या बाजूंचं लाकूड नंतरचं असणार.

साकव
आणि कंसात "तारखा ज्युलियन" एवढं घाला. कोणीतरी मोबाईलवर वार बघणार आणि गुरुवार दिसला की तुम्हालाच फोन करणार.

केवडा
दोन्ही घातलं.